आमच्या मायचा दगड म्हणे हजारो वर्षांचा

गावात पाहण्यासारखं काय आहे, असं मला विचारलं तेव्हाच हात जोडून ‘काही नाई बापा’ म्हणायला पाहिजे होतं. पण उभी हयात मास्तरकी केलेला माणूस गप्प बसतो काय? बसला असता तर आज हे लिहायची पाळी आली नसती.

आलापल्लीहून सागवनातल्या रस्त्यानं तासभर आलं की आमचं गाव लागतं. एक दिवस पर्यटनाच्या कामाचे एक साहेब जीपनं आले. गावाचा इतिहास अन् प्रेक्षणीय स्थळं मोठ्या फलकावर लावायची आहेत, मजकूर तुम्ही द्या म्हणाले. मी फुलून गेलो. दोन दिवस कागद काळे केले. गोंड राजाच्या काळची म्हणतात ती ढासळलेली भिंत लिहिली, तलाव लिहिला, जुना लाकूड डेपो लिहिला, मंगळवारचा बाजारसुद्धा लिहिला. तरी यादी तोकडीच वाटली. मग गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली उभे असलेले आमचे दगड आठवले, अन् मी लिहून मोकळा झालो: ‘हजारो वर्षांपूर्वीचे पुरातन पाषाणस्तंभ’. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आमच्यात माणूस गेला की त्याच्या नावानं दगड उभा करतात. कुळातली माणसं डोंगरातून दगड बांबूला बांधून, खांद्यावर आणतात, मोहाची दारू शिंपडतात, जेवण घालतात. तो दगड पुढे जमिनीतून वर आला, वाढला, तर गेलेला जीव सुखात आहे असं समजायचं. त्यातले काही दगड खरंच फार जुने असतील, मला माहीत नाही. पण शेवटचा दगड माझ्या मायचा होता, अन् त्याच्या बांबूला मी स्वतः खांदा दिला होता. त्यालाही पुरातन लिहिताना मला लाज काऊन नाई वाटली?

फलक लागला. फलकामागोमाग तारेचं कुंपण आलं, फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं. ‘दगडांना हात लावू नये.’ मायच्या दगडापुढं दोन फुलं ठेवायची तर आता कुंपणाबाहेरून फेका.

मावशी तेव्हा अंथरुणावर होती. दोघी बहिणी दोघा भावांच्या घरात दिलेल्या, त्यामुळे मावशीही तीच अन् काकूही तीच. माय गेल्यावर माझ्या ताटात भात वाढणारीही तीच. तिचं एकच मागणं होतं.

“माहा दगड बाईच्या बाजूले लाव,” ती म्हणायची. मोठ्या बहिणीला ती बाई म्हणायची. “तिथी जागा हाय. म्या पाहून ठेवली.”

“हौ,” मी म्हणायचो. दुसरं काय म्हणणार होतो?

“तिथी तार लावली म्हन्ते. कोनं लावली?”

मी लावली, असं सांगायची माझी हिंमत झाली नाही. तिला वाटत राहिलं की कोण्या परक्यानं लावली. याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, त्या साहेबापेक्षाही जास्त.

माघात ती गेली. दगड आणायच्या आधी मी साहेबाकडं गेलो. तो माझ्याशी फार आदरानं बोलला, चहा पाजला. म्हणाला, “गुरुजी, पुरातन जागेत नवा दगड कसा चालेल? तुम्हीच तर लिहून दिलंय.” माझ्याच अक्षरातला कागद त्यानं फायलीतून काढून माझ्यापुढं ठेवला. मी म्हटलं, चुकलं माझं, खोडून टाका. तो म्हणाला, आता ते खोडता येत नाही. असं कसं येत नाही? मी कागदावर पुरातन लिहिलं म्हणून माझी माय काय तुमची झाली? हे सगळं मी तोंडावर बोललो, अन् चहा तसाच ठेवून उठलो.

दगड आला. कुळातले लोक म्हणाले, दुसरीकडं कुठी लावू. मी म्हटलं, नाही, इथीच. कुंपणाबाहेर, माझ्या त्या शहाण्या फलकाच्या पायाशी खड्डा खणायला लावला. मायच्या दगडापासून वीस पावलं, मध्ये तार.

आता नागपूरकडून गाड्या येतात. लोक फलक वाचतात अन् हमखास विचारतात, “काका, हा दगड किती हजार वर्षांचा?”

“माघातला हाय,” मी सांगतो. “माह्या मावशीचा.”

ते जरा ओशाळतात, मग कुंपणाच्या आतले फोटो काढून निघून जातात. ते गेले की मी खाली बसून दगडाला वीत लावतो. पहिल्या दिवशी चार विती भरला होता. आजही चारच भरतो.