हौसेचं पाल

आईला एक दिवस तरी निवांत झोपलेलं बघावं, एवढंच माझ्या मनात होतं. ती शाहूपुरीत चार घरची धुणीभांडी करते. बाबा फौंड्रीत. सुट्टी आली तरी दोघांची ती घरकामातच जाते. म्हणून ऐन थंडीत मी कॉलेजातल्या मैत्रिणीकडून तंबू मागून घेतला आणि दोघांना एसटीनं गगनबावड्याला नेलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. असं मुक्कामाला जातात हेही मला तिथंच कळलं होतं.

गडाखाली एका शेतकऱ्यानं पडक्या तटाजवळची मोकळी जागा दाखवली. "ऱ्हावा की पावणं. लईच गारठला तर आमच्या घरी सोप्यात या," असं म्हणून तो गेला. मग कुणाचा आवाज नाही.

तंबू उभा करायला मला तासभर लागला. तेवढ्यात आईनं पाल्याची फांदी मोडून सगळी जागा झाडून काढली. मग एक टोकदार दगड घेऊन ती तंबूभोवती चर खणायला बसली.

"आई, पाऊस कुठाय आता?"

"पालाला चर लागतीयाच," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

आईचं लहानपण ऊसतोडीच्या फडावर गेलं, असल्याच पालात. हे मला माहीत होतं. माहीत असूनही तंबू मागताना ते आठवलं नाही, हे लिहायला मला अजून जड जातं.

बाबा हसले. "पोरगी शिकली आन् तुला परत पालात आणून बसीवली की!"

"हौसंनं पालात ऱ्हात्यात व्हय गं लोकं?" आईनं मला विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं.

"पाचची गाडी हाय," मी म्हटलं. "जाऊया परत?"

आईनं हात झटकले. "आता कुठं परत त्या गाडीत हाडं मोडून घ्यायची? ऱ्हाऊ. रातच्याला सोप्यात झोपू. पर पालात मी शिरणार न्हाय, आन् चूलबी पेटवणार न्हाय."

"मग कोण पेटवणार?" बाबांनी विचारलं.

"शिकल्याली हाय की."

तटाच्या कडेला उन्हात चादर टाकून ती आडवी झाली. बाबा काटक्या गोळा करायला गेले. मी तीन दगड मांडले. धुरानं डोळे चुरचुरत होते, एसटीत उभं राहून पाय आधीच भरून आले होते. पिठलं ढवळता ढवळता मी सारखी तिच्याकडं बघत होते. तिचे तळवे माझ्याकडं होते. भेगांत तिथली लाल माती भरली होती.

"खाली लागतंय. हलीव," ती डोळे न उघडता म्हणाली.

"तू झोपलीयास न्हवं?"

"झोपलीया की."

मी हलवत राहिले. थोड्या वेळानं पिठलं खरंच लागलं, करपल्याचा वास सुटला. मी आईकडं बघितलं. ती बारीक घोरत होती.