खरवडून टाकलेला थर

माती कशी तपासायची, हे मला नगरपरिषदेत कुणी शिकवलं नव्हतं. मी स्वच्छता निरीक्षक. गटारं, कचरा, डासांची फवारणी, एवढंच माझं काम. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात निकेलचा मुलामा देणारं एक वर्कशॉप बंद पडलं. त्याच्या भिंतीला लागून भाजी पिकवणाऱ्या एका बाईंनी अर्ज दिला, की वर्कशॉपचं पाणी वर्षानुवर्षं माझ्या रानात मुरलंय, माती तपासून द्या. साहेबांनी अर्ज माझ्याकडं सरकवला. म्हणाले, "तुम्ही शेतकऱ्याचं पोरगं. माती काढा आणि लॅबला पाठवा."

माती काढता येत होती मला. उसाच्या लागणीआधी वडील माती परीक्षणाला द्यायचे, ते लहानपणापासून पाहिलेलं. वरचा थर खुरप्यानं खरवडून बाजूला टाकायचा. वीतभर खोल खड्डा घ्यायचा. बांधाजवळची, ओलीची, वेगळ्या रंगाची जागा सोडायची. सात-आठ ठिकाणची माती घमेल्यात कालवायची आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरायची. मी अगदी तसंच केलं.

बाई मागं उभ्या होत्या. "साहेब, त्या भिंतीकडची घ्या की. तितं मेथी उगवतच न्हाय."

"मावशी, तशी जागा घ्यायची नसते. सगळ्या रानाचा अंदाज चुकतो."

"तुमाला ठावं. आमी आडाणी."

भिंतीकडच्या मातीवर हिरवट साय धरली होती. ती मला दिसली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दिसली, आणि मी खुरपं घेऊन दुसरीकडं वळलो.

अहवाल चांगला आला. माझ्या सहीचा कागद बाईंनी प्लॅस्टिकमध्ये घालून घेतला. त्या कोल्हापुरात राजारामपुरीच्या बाजारात भाजी विकायला बसायच्या. कुणी शंका काढली की तो कागद पुढं करायच्या.

दोन वर्षांनी आम्हाला एका प्रशिक्षणाला पाठवलं. शिकवणारे म्हणाले, पिकासाठी माती बघणं वेगळं आणि विष शोधणं वेगळं. विष बहुतेक वेळा वरच्याच थरात सापडतं. रंग बदललेली जागा आधी घ्यायची, वेगळ्या पिशवीत, दुसऱ्या मातीत न मिसळता. शेजारचा कर्मचारी विचारत होता, जेवण कितीला आहे. मी वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

साहेबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "अर्ज निकाली निघालाय. बाईंना नवा द्यायला सांगा, मग बघू." ते बघणार नाहीत, हे मला तेव्हाच कळलं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी रानात गेलो. बाई पोकळ्याच्या जुड्या बांधत होत्या. मी सगळं सांगितलं, हिरव्या सायीचं सोडून.

त्यांचे हात थांबले नाहीत. "म्हंजे कागद खोटा?"

"चुकीचा. चूक माझी आहे, मावशी. तुम्ही नवा अर्ज द्या."

"आनि बाजारात काय सांगू? चूक सायबाची आनि भाजी माझी?"

त्यांनी पुढची जुडी बांधायला घेतली.

"दोन वर्सं घरात हेच शिजतंय. त्येचं काय?"

"तपासून घ्यायला हवं."

"कुटं तपासत्यात?"

ते मला माहीत नव्हतं. विचारून सांगतो म्हणालो. त्यांनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं. "दुसरं रान न्हाय मला, साहेब," एवढंच बोलल्या. शेवटची जुडी बुट्टीत ठेवली, वर ओलं फडकं टाकलं आणि डोक्यावर चुंबळ बसवली. एस.टी.ची वेळ झाली होती.

"जरा हात लावा."

बुट्टी जड होती. मी दोन्ही हातांनी उचलली आणि त्यांच्या डोक्यावर दिली.