खड्ड्याभोवतीची फरशी

पारनेरला आमच्या शेजारी एक घोंगडी विणणारे राहतात. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून ते मागावर बसतात. काहीही विचारा, हातातला धोटा लोकरीच्या ताण्यातून पलीकडे गेल्याशिवाय उत्तर मिळत नाही. माझं बीपी वाढलं की बायको मला तिथे पाठवते. मी तिथेही बोलतच असतो.

मध्यंतरी त्यांच्या मुलाने घरभर फरशी घालायला काढली. खड्डा बुजवायला गवंडी मुरमाची पाटी घेऊन उभा राहिला.

"बाबा, उठा. घोंगडी कोन घेतंय आता?" मुलगा म्हणाला.

धोटा पलीकडे गेला.

"न्हाई घेतली तर न्हाई. मला इनायची हाय. बुजवायचं तर बुजवा, पाय आतच राहत्याल."

आणि ते विणत राहिले, अगदी दुपारच्या भाकरीलाही उठले नाहीत. संध्याकाळी गवंड्याने मुकाट्याने खड्ड्याच्या कडेकडेने फरशी बसवली.

परवा ते चहाला उठलेले असताना मी मोबाईल बघत आत शिरलो, तो थेट खड्ड्यातच.

"लागलं का?"

"नाही."

"मग बसा की तसंच," म्हणत त्यांनी माझ्या हातात धोटा दिला.

तो पलीकडे जाईपर्यंत मी गप्प होतो. बायकोचा यावर अजून विश्वास बसलेला नाही.