दारातच घेतलेल्या सह्या

मैत्रिणींनो, मी हॉस्पिटलात नर्सिंग इन्चार्ज आहे. सध्या डेंग्यूची साथ आहे, वॉर्ड भरलाय. आज दुपारी आमची स्वरूपा सिस्टर कुठे सापडेना. शेवटी चादरींच्या खोलीत जमिनीवर बसून रडताना दिसली.

"कधीपासून असं होतंय?" मी विचारलं.

"आठ दिवस झाले. किसकू बोलना समझाच नै, मॅडम."

कुणाला बोलायचं, हेच शिकवायला साथीच्या आधी एक बाई आल्या होत्या. ताण कसा ओळखायचा, जोडी ठरवून रोज एकमेकींची विचारपूस कशी करायची, असा दोन तासांचा वर्ग होता. तेव्हा वॉर्डात गर्दीही नव्हती. तरी मी दारातच सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि म्हटलं, "झालं, आता कामाला लागा." आत आम्ही इन्चार्जच बसलो, समोसे खात.

संध्याकाळी त्या वर्गाच्या सह्यांची फाइल काढली. स्वरूपाची सही आहे, खाली माझ्या हातचा शेरा: प्रशिक्षण पूर्ण.

तिला ऑटोत बसवून बरकतपुऱ्याला घरी पाठवलं, तर जाताना तीच मला सॉरी म्हणाली. आणि मी "ठीक आहे" म्हटलं.

उद्या ती आली की कुठून सुरुवात करू?