अंगावरची चादर

काल दुपारी शेजारचे हवालदारकाका ओसरीवर आडवे झाले होते. वारा सुटला म्हणून सूनबाईनं हलकेच त्यांच्या अंगावर चादर घातली. ते दचकून उठले आणि चादर अंगणात भिरकावली. "झोपलेल्या माणसाला हात लावू नका, किती वेळा सांगू!"

ती आत गेल्यावर काका मला म्हणाले, "सीमेवरच्या चौकीत मी आणि माझा जोडीदार जवान एका ताटात जेवायचो. पहारा त्याचा असला की मी निर्धास्त झोपायचो. एका पहाटे त्यानं माझं पांघरूण सारखं केलं. मला अर्धवट जाग आली. वाटलं, सख्ख्या भावासारखा जीव लावतो. उजाडलं तेव्हा तो पलीकडं, शत्रूला जाऊन मिळालेला."

अशी माणसं देशाशी फितूर झाली, असं आपण म्हणतो. देश केवढा मोठा, तो सावरतो. पण सीमेच्याही आधी त्यांनी कुणाची तरी गाढ झोप ओलांडलेली असते, आणि ती पुन्हा लागत नाही.

काका अंग चोरून पुन्हा आडवे झाले. चादर अंगणातच पडली होती.

"लाथ मारून गेला असता तरी चाललं असतं," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "पांघरूण घालून गेला, हरामखोर."