व्हरांड्यातला सर्व्हर आणि दोन वेळचा चहा

रिटायर झालेल्या माणसानं घरात नवीन मशीन बसवलं की किस्से आपोआप साचतात. आपण विसरायचं म्हटलं तरी मित्र रोज नवे पुरवतात. आमच्या अधारतालच्या घरी जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर बसला आणि आता सांगायला इतकं झालंय की ऐकणारे कमी पडतात!

मूळ कारण ऐका. मुळे आणि पांढरीपांडे, दोघंही माझे फॅक्टरीतले मित्र. मुळेनं ग्रुपवर फॉरवर्ड टाकला, 'उद्यापासून नागपूर रस्त्यावरचा तिलवाऱ्याचा पूल बंद!' पांढरीपांडेनं विश्वास ठेवला आणि नागपूरला सख्ख्या भाचीच्या साखरपुड्याला गेलाच नाही. पूल उघडाच होता! झालं, दोघांचं बोलणं बंद. पूर्वी आम्ही तिघं संध्याकाळी माझ्या व्हरांड्यात बसायचो. आता मुळे पाचला येतो, पांढरीपांडे सहाला. बायकोला दोनदा चहा करावा लागतो, मला दोनदा प्यावा लागतो. मला त्याचं खरंच फार वाईट वाटायचं.

म्हणून ठरवलं, फॉरवर्ड बंद. ज्या वेबसाइट आपण निवडू, त्यांवरच्या बातम्या एका यादीत आणून देणारा फीड रीडर घरच्याच सर्व्हरवर बसवायचा. व्हिडिओ बघून आठ दिवसांत बसवलाही!

* * *

आमच्या फॅक्टरीत पूजेशिवाय मशीन सुरू होत नसे. पांढरीपांडे हळद-कुंकू घेऊन हजर झाला. लॅपटॉपला टिळा लावला, नारळ फोडला, मूठभर अक्षता वाहिल्या.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉपमधला पंखा खडखडू लागला. उघडून बघतो तर जाळीतून आत गेलेले तांदूळ!

"अच्छा! खाऊन राहिला म्हणजे प्रसन्न आहे," पांढरीपांडे म्हणाला.

* * *

पासवर्ड विसरतील म्हणून दोघांना एकच लॉगिन दिलं. पाचला मुळेनं मोबाइल उघडला, यादी रिकामी. असं चार दिवस चाललं.

"काहून भाऊ, दुनियेत काही होऊनच नाही राहिलं का?"

सहाला उलगडा झाला. पांढरीपांडे सकाळी साडेसहाला उठून एकूण एक बातमीवर 'वाचली' अशी खूण करून ती यादीतून काढत होता.

"तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो मी. पेंडिंग ठेवून घरी गेलो नाही कधी!"

हे मुळेला कळलं तेव्हा तो म्हणाला, "पाहा! आता बातम्याही लपवून राहिला माझ्यापासून!" भांडण मिटवायला आणलेल्या यंत्रानं भांडण वाढवलं. मी मुकाट्यानं दोन लॉगिन केली.

* * *

आमच्याकडे सकाळी साडेदहा ते अकरा जगात काही घडत नाही. त्या वेळात बायको बॅटरी मेलेल्या सर्व्हरचा प्लग काढून मिक्सर लावते.

* * *

शेजारच्या तिवारीजींना मी कौतुकानं सगळं दाखवलं.

"भाईसाहब, इसमें हमारे मझौली वाले साढ़ू की खबर आएगी?"

"उनकी वेबसाइट है क्या?"

"वेबसाइट तो नहीं है. आवाज़ बहुत है!"

* * *

एक दिवस मुळेनं विचारलं, "मी लिहिलेलं येईल का यात?" त्याला ब्लॉग काढून दिला. पहिला लेख आला, 'विषय: तिलवारा पुलाबाबत खुलासा. संदर्भ: ग्रुपवरील फॉरवर्ड. प्रत: माहितीस्तव.' खाली चार परिच्छेद, त्यात सगळी चूक त्याला फॉरवर्ड पाठवणाऱ्याची!

पांढरीपांडेनं तो वाचला आणि मला म्हणाला, "मलाही ब्लॉग काढून दे." त्याचं उत्तर आलं, 'आपला खुलासा तपासला. खेद आढळला नाही. रिजेक्ट.'

असे दोन महिने गेले. दोन ब्लॉग, प्रत्येकाला एकच वाचक. त्यात आमचा सर्व्हर तासातून एकदाच, ठोक्याला, नवीन मजकूर गोळा करतो, त्यामुळे शिवीसुद्धा तासाभरानं पोचायची! खुलासा क्रमांक सात, रिजेक्ट क्रमांक सात. मी आशा सोडली होती.

* * *

मागच्या गुरुवारी मुळे पाचला आलाच नाही. सहाला पांढरीपांडे आला, चपला काढून बसला, चहाचा कप उचलला आणि मोबाइल उघडला. मग कप तसाच खाली ठेवला.

"काय झालं?"

त्यानं वाचून दाखवलं, 'विषय: माझी चूक. संदर्भ: नाही. प्रत: नाही. भाचीच्या साखरपुड्याला तू माझ्यामुळे गेला नाहीस. घरी चहा टाकला आहे.'

पांढरीपांडे मोबाइलकडेच बघत होता.

"हे पाच वाजून पाच मिनिटांचं आहे रे," तो म्हणाला आणि ताडकन उठला.

"अरे, आधी दोन शब्द लिहून तर टाक त्याला!"

"लिहू काहून? तुझा सर्व्हर त्याला सातला दाखवणार!"

आणि एका पायात स्वतःची, एका पायात माझी चप्पल घालून तो फाटकाबाहेर पडला.