चुका पकडणारे सर

कुणी इंग्रजीत एक वाक्य बोललं की सरांचा उजवा हात वर जायचा आणि हवेत तीन वार करायचा. सुरमई कापावी तसे. "पाडा तुकडे! ए, बी, सी, डी. चूक कुठल्या तुकड्यात?" समोर वर्ग असो, चहावाला असो, नाहीतर कुणाच्या मयताला जमलेली माणसं असोत, तो हात काही थांबायचा नाही.

असा एखादा दीडशहाणा तुमच्याही ओळखीत असेलच. नसेल तर देवाचे आभार माना. मी मात्र अलिबागच्या एका क्लासमध्ये त्यांच्या शेजारच्या खोलीत गणित शिकवत होते, आणि मधली भिंत होती प्लायवूडची. मी इकडे लसावि-मसावि सांगत असायचे आणि तिकडून पोरांचा कोरस यायचा, "सी! सर, सी!" माझी पोरंसुद्धा उत्तराच्या जागी 'सी' लिहायला लागली होती.

स्पर्धा परीक्षेत चुकीचं वाक्य देतात, त्याचे तुकडे पाडलेले असतात, कुठल्या तुकड्यात चूक आहे ते ओळखायचं. सरांनी या एका प्रश्नावर उभा जन्म काढला. खोटं कशाला बोलू, पोरांना त्यात मार्क पडायचे. पालक खूश, क्लासचे मालक खूश. सर तर काय, कॉलर ताठ करून फिरायचे. शर्टाच्या खिशात कायम लाल पेन, जणू डॉक्टरचा स्टेथोस्कोप.

वर्गात चुका कमी पडत म्हणून की काय, रविवारी ते गावोगाव हिंडून चुका गोळा करायचे. नागाव, किहीम, रेवदंडा. होमस्टेच्या पाट्या, खानावळीचे बोर्ड, सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये. 'होम कुक फूड' अशी पाटी दिसली की स्वारीच्या चेहऱ्यावर काय आनंद! कुणाला स्वतःच्या घरी मुलगा झाल्याचाही एवढा होत नसेल. मग आत जायचं आणि मालकाला चार गिऱ्हाइकांदेखत सुनवायचं. नागावच्या एका खानावळवाल्याने कंटाळून पाटीवरचं इंग्रजी पुसूनच टाकलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आत या.' सर म्हणाले, "बघा, सुधारला."

एकदा तर हद्द झाली. क्लासच्या मालकांचे वडील सकाळी गेले. बिचाऱ्याने रडत रडत ग्रुपवर इंग्रजीत दोन शब्द टाकले, "माय फादर इज नो मोर सिन्स मॉर्निंग." आम्ही कुणी काय लिहावं या विचारात, तेवढ्यात सरांचा मेसेज आला. आधी एक फुली, पुढे दुरुस्त केलेलं वाक्य, आणि त्याखाली जोडलेले हात. मी दुपारी त्यांना म्हटलं, "सर, अहो त्यांचे वडील गेलेत!" तर म्हणतात कसे, "बाई, आधी वाक्य. मग भावना."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आधी वाक्य, मग भावना. ते 'मग' काही त्यांच्या आयुष्यात कधी आलं नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

आणि स्वतः? आता ऐका गंमत. एका संध्याकाळी आम्ही दोघं एस.टी. स्टँडसमोर उभे होतो. पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेतलेलं एक परदेशी जोडपं सरळ सरांकडेच आलं. लाल पेन पाहून आलं असेल. मांडव्याच्या जेट्टीला कसं जायचं, एवढंच विचारत होते. सर हसले. मग खाकरले. मग त्यांनी एक बोट वर केलं आणि ते बोट तसंच राहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बस तर सुटायला आलेली. शेवटी मीच ओरडले, "मांडवा बस, देअर! रेड कलर! फास्ट गो, फास्ट गो!" ती दोघं धावली, बस पकडली आणि खिडकीतून हात हलवत गेली.

आणि हे महाशय माझ्याकडे वळून म्हणाले, "'फास्ट गो' काय, बाई?"

"बस मिळाली ना त्यांना?"

"बस मिळाली हो. वाक्य गेलं."

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! पण मग ते रुमालाने तळहात पुसताना दिसले, आणि माझ्या लक्षात आलं. या माणसाला इंग्रजी बोलायची अक्षरशः भीती वाटत होती. कधीकाळी त्यांनाही कुणीतरी असंच उभं कापलं असणार. वाईट वाटलं मला, नाही असं नाही. पण ते वाईट वाटणं हर्षालीपर्यंतच टिकलं.

हर्षाली रेवसच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातली. बाप होडीवर, आई अलिबागच्या बाजारात मासळीची टोपली घेऊन बसते. पोरगी पहिल्या दिवसापासून तोंडाळ, म्हणजे चांगल्या अर्थाने. तिला बोटीवर नोकरी करायची होती. मुंबईहून गाड्या आणि माणसं घेऊन येते ना, ती मोठी बोट; तिच्यावर प्रवाशांची व्यवस्था बघायला मुली घेतात. तुम्हाला यात काय विशेष वाटणार? पण त्यांच्या घरात बायका होडीवर पाय ठेवत नाहीत. मासळी विकायची, सुकवायची, पण समुद्रावर जायचं ते पुरुषांनी. पोरगी लहानपणापासून धक्क्यावर उभी राहून बापाची होडी जाताना बघत आलेली. बापाने कुरकुर केली आणि शेवटी म्हणाला, "आमच्या होडीत बाया चढत न्हाय. ती मोठी बोट हाय, तिला चालंल. पन नोकरी लागली तर." ती इंग्रजी शिकायला आली ती एवढ्यासाठी.

एका सकाळी ती धापा टाकत वर्गात शिरली. बापाला आदल्या दिवशी डॉल्फिन दिसले होते. "सर, येस्टर्डे माय फादर सीन टू डॉल्फिन, सो बिग!" दोन्ही हात पसरून सांगत होती. प्लायवूडच्या अलीकडून मलासुद्धा तिचा आनंद ऐकू आला.

सरांनी काय करावं? ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, खडूने रेघा मारून त्याचे चार तुकडे केले आणि म्हणाले, "चला, कोण सांगतो?" सगळा वर्ग तुटून पडला. बी! सी! डी पण, सर! पोरं हसली. हर्षालीही हसली. डॉल्फिन कुठे दिसले, हे कुणीच विचारलं नाही.

त्या दिवसापासून ती वर्गात इंग्रजीतलं एक वाक्य स्वतःहून बोलली नाही. बदल्यात सरांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी झाली. कुठलंही वाक्य द्या, पापणी लवायच्या आत चूक दाखवणार. सर तिला नव्या पोरांपुढे उभी करायचे. मी तिला जिन्यात गाठून सांगायचे, "अगं, चुकीचं बोल, पण बोल!" ती मान हलवायची आणि मराठीत म्हणायची, "हो बाई." सरांशीही भांडले मी. "पोरगी तुमच्यामुळे मुकी व्हायला लागलीय," म्हटलं. ते म्हणाले, "मुकी नाही, शुद्ध व्हायला लागलीय." अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं!

मुलाखतीचा दिवस आला. लेखी परीक्षेत पोरगी पहिली आली. मग तिला आत बोलावलं. समोर एक बाई होत्या, चांगल्या होत्या म्हणे. त्यांनी विचारलं, बोटीवर एखादीला मळमळतंय, तिचं पोर रडतंय, तू तिला काय सांगशील? इंग्रजीत सांग, जसं येईल तसं सांग. पाणी दिलं, थोडं थांबल्या, पुन्हा विचारलं.

संध्याकाळी हर्षाली क्लासच्या जिन्यात बसून होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत मला म्हणाली, "बाई, वाक्य व्हायचं हो तयार. पण मग त्यात चूक दिसायची. ती नीट केली की दुसरी दिसायची. तेवढ्यात त्या म्हणाल्या, ठीक आहे, ये तू." ती रडली नाही. रडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

मी तरातरा वर गेले. सर उद्याच्या वाक्यांवर लाल पेन फिरवत होते.

"हर्षालीची नोकरी गेली."

"अरेरे! काय चुकली?"

"काही नाही चुकली. तोंडच उघडलं नाही तिने."

सरांनी चष्मा काढला. चेहऱ्यावर हळूहळू जे उजळलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, "म्हणजे चूक एकही नाही केली."

माझ्या हातात डस्टर होतं. मारलं नाही फेकून, ही माझ्या आईची शिकवण.

सर आता इथे नाहीत. गुडघे गेले, पुण्याला भावाकडे राहायला गेले. क्लासने शाल-श्रीफळ दिलं, पोरं पाया पडली, हर्षालीही पडली. मी माझ्या खोलीतून बाहेर आले नाही. आता पलीकडच्या बाजूला कुणी चित्रकला शिकवतं आणि भिंतीतून कसलाही आवाज येत नाही.

मागच्या रविवारी बाजारात गेले होते. मुंबईच्या गाड्यांची ही गर्दी. हर्षाली आईच्या टोपलीशी बसली होती. मला बघून हसली, माझे बोंबील वेचायला लागली. एवढ्यात गॉगलवाली एक बाई आली आणि पापलेटावर बोट ठेवून इंग्रजीत विचारलं, आजचंच आहे ना? आई मागे बर्फ फोडत होती.

हर्षालीने तिच्याकडे वर पाहिलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. नुसतं 'येस' म्हटलं असतं तरी भागलं असतं हो.

"सांग ना गो बाय, आजचं हाय म्हून!" आई मागून ओरडली. तोवर गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे गेलं होतं.